एकदाबा बोलते

आमच्या गावातली माणसं कोणाला भीत असतील, तर ती माझ्या गाडीला. मी कचऱ्याची गाडी चालवतो. सकाळी गाडीवरची धून गल्लीत शिरली की अर्धी दाढी झालेला माणूस तसाच फेसासकट बाहेर येतो, भांडणाऱ्या जावा भांडण तिथंच ठेवून बादल्या उचलतात, आणि वरच्या मजल्यावरच्या आजीबाई, ज्यांना एरवी जिना म्हटलं की गुडघे आठवतात, त्या माझ्याआधी कोपऱ्यावर हजर असतात. कारण गाडी एकदा पुढे गेली की गेली. मी मागे वळत नाही. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. लोकांनी ओल्या कचऱ्यात जुने सेल टाकले नसते, तर तो तसा झाला नसता.

धून संपली की स्पीकरमधून एक बाई बोलते. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, धन्यवाद. एवढंच, पण आवाज असा की ऐकणाऱ्यानं आपल्या हातातलं केळ्याचं साल पुन्हा एकदा तपासून पाहावं. हीच बाई नगरपालिकेच्या फोनवर असते. पाण्याच्या तक्रारीसाठी एक दाबा, दिव्यांसाठी दोन दाबा. हीच घरोघरी फोन करून सांगते की उद्या तुमच्या भागात पाणी सकाळी येईल, आणि पाणी सकाळी येतं. गावानं तिचं नाव ठेवलं होतं एकदाबा. नगरसेवक शंभर गोष्टी बोलतात आणि त्यांतली एक खरी निघाली तर लोक पेढे वाटायचं बाकी ठेवतात. एकदाबाचा शब्द मात्र काळ्या दगडावरची रेघ.

ही एकदाबा कोण, यावर गावात पुष्कळ डोकी खर्ची पडली. कोणी म्हणे मोठ्या शहरातली निवेदिका असेल. न्हावी तर छातीठोकपणे सांगायचा की अशी बाई नाहीच, सगळं यंत्रात बनवलेलं आहे. मी त्याच्यापुढे मान वाकवून बसलेला असायचो आणि गप्प राहायचो, कारण वस्तरा त्याच्या हातात होता आणि शब्द मी दिलेला होता. एकदाबा म्हणजे माझी सख्खी भाची.

भाची नगरपालिकेतच नोकरीला आहे. जन्ममृत्यूच्या दाखल्यांच्या खोलीत खिडकीमागे बसते, दाखला लिहून हातात देते आणि मान हलवते. लोक तिला मुकी म्हणतात. ती मुकी नाही. तिची जीभ अडते, लहानपणापासून. सुटा शब्द दिला तर तो कसा स्वच्छ बाहेर येतो, पण वाक्य बोलायला गेली की कुठल्या तरी अक्षराशी गाडं रुततं आणि मग निघता निघत नाही. समोरचा माणूस आधी हसतो, नाहीतर दयेनं तिचा शब्द स्वतःच पुरा करून टाकतो. तिला दुसरं जास्त लागतं.

नगरपालिकेचा कॉम्प्युटरवाला इंजिनिअर हुशार. फोनसाठी आवाज हवा होता तेव्हा त्यानं तिच्याकडून एकेक सुटा शब्द वाचून घेतला. पाणी, दिवे, टाकी, सकाळी, संध्याकाळी, बंद, सुरू, फुटली, तात्काळ, प्रत्येक आळीचं नाव. मग यंत्रच लागेल तसे शब्द उचलून वाक्य जोडायचं. म्हणजे एकदाबाची जी वाक्यं गाव वर्षानुवर्षं ऐकत होतं, त्यांतलं एकही माझ्या भाचीनं आयुष्यात सलग उच्चारलं नव्हतं. तिनं एकच अट घातली होती, की हे कोणाला कळता कामा नये. लोक म्हणतील, हा आवाज आणि ह्या तोंडातून. मी म्हटलं, हसणाऱ्याला उचलून कचऱ्यात टाकतो, ओल्यात की सुक्यात ते तू सांग. ती हसली, पण अट कायम राहिली. मी, तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, आणि इंजिनिअर, एवढ्यांनाच ठाऊक होतं.

तर त्या दिवशी मी पहिली फेरी आटोपून नगरपालिकेच्या आवारात गाडी लावली, तेव्हा आतून माणसं एकमेकांना धडकत होती. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक लाल कुलूप काढलेलं होतं आणि खाली परक्या भाषेत दोन ओळी. इंजिनिअरनं सांगितलं की कोणी तरी लांब बसून आपली सगळी यंत्रणा ताब्यात घेतली आहे आणि सोडायचे पैसे मागतो आहे. मुख्याधिकारी बाई नुकत्याच बदलून आल्या होत्या, त्यांना अजून शिपायांची तोंडंही पाठ नव्हती. पण बाई खमक्या. पैसे द्यायचे नाहीत म्हणाल्या, आणि सगळ्या इमारतीतले प्लग उपटायला लावले. शिपायानं तर उत्साहाच्या भरात बाईंच्या टेबलावरचा पंखाही बंद केला.

आणि मग काय सांगू, गावाला जणू अंगात वारं शिरलं. चौकातले सिग्नल बंद पडले, तर शाळेतून निवृत्त झालेले ड्रिलमास्तर शिट्टी घेऊन मधोमध उभे राहिले. त्यांच्यासमोर मोटारवाल्यांची काय बिशाद, निम्मे त्यांच्याच हातचा मार खाऊन मोठे झालेले. पाण्याचे पंप बटणावर चालत होते, ते हातानं चाकं फिरवून सुरू केले. चाकं इतकी गंजलेली, की पंपावरच्या माणसांच्या जोडीला कुस्तीच्या आखाड्यातली पोरं बोलवावी लागली, आणि नळाला पाणी आलं तेव्हा ती पोरं गावभर दंड दाखवत फिरली. शाळेतून फळा आणून नगरपालिकेच्या दारात लावला, त्यावर बाई स्वतः बातम्या लिहीत होत्या आणि बाहेर गर्दी मोठ्यानं वाचत होती. भाची तर दाखले वळणदार अक्षरात हातानं लिहून देत होती, आणि नुकताच बाप झालेला एक जण आपल्या मुलीचा दाखला फ्रेम करणार म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होता.

खरं सांगतो, मला मजा येत होती. इतकी वर्षं ह्या कॉम्प्युटरांनी आमच्यावर दादागिरी केली होती. आता माझी गाडी तेवढी चालू होती आणि सगळे माझ्याशी आदरानं बोलत होते.

दुपार व्हायच्या सुमाराला मी फळ्यापुढच्या गर्दीत उभा होतो आणि सगळ्यांचे खिसे एकदम वाजायला लागले. ह्याचा फोन, त्याचा फोन, माझाही. मी कानाला लावला. एकदाबा होती.

"नमस्कार. वरची टाकी. फुटली. खालची आळी. तात्काळ. रिकामी. करा. पुलाकडे. जा."

मी मान वर केली. नगरपालिकेच्या पायरीवरून टेकडीवरची पाण्याची टाकी स्वच्छ दिसते. ती होती तिथंच उभी होती, धड, बाहेरून कोरडी, आणि तिच्या सावलीत तिचा पहारेकरी पाय पसरून बसला होता. पण खालची आळी टेकडीच्या आडोशाला, नदीच्या अंगाला आहे. तिथून टाकी दिसत नाही. तिथल्या माणसाला फक्त एवढं माहीत असतं की डोक्यावर कुठं तरी एवढं मोठं पाणी आहे, आणि समोर नदी, आणि सुटायला एकच पूल. त्या पुलाची दुरुस्ती चालू होती. निम्मा रस्ता खणून ठेवलेला, एका बाजूचा कठडा काढलेला आणि त्याच्या जागी नुसती दोरी.

इंजिनिअरचा चेहरा पांढराफटक पडला. फोनची यंत्रणा आपल्या इमारतीत नाहीच, ती दुसरीकडे भाड्याच्या मशीनवर आहे, तिथला प्लग उपटायचा राहिला, असं तो सांगत होता. पैसे मिळत नाहीत म्हणून त्या कुलूपवाल्यांनी गावालाच घाबरवायला घेतलं होतं. मी दाखल्यांच्या खिडकीकडे पाहिलं. भाची उभी होती, फोन कानाला, आणि तिचाच आवाज तिला सांगत होता की पुलाकडे जा. तिच्या चेहऱ्याकडे माझ्याच्यानं बघवेना. तिची आई खालच्या आळीत राहते.

बाईंनी विचारलं की लोकांना आता कळवायचं कसं. मी म्हटलं, माझ्या गाडीला माईक आहे, हरवलेल्या मुलांची नावं पुकारायला दिलेला. बाई साडी खोचून माझ्याशेजारी चढून बसल्या आणि मी गाडी हाणली. उतारावर मी कधी ब्रेकवरचा पाय काढत नाही, त्या दिवशी काढला.

आळीच्या तोंडाशी पोचलो आणि माझ्या हातून घोटाळा झाला. गल्ली आली की धूनचं बटण दाबायचं, ही हाताची सवय. मी दाबलं. समोर माणसं जीव मुठीत धरून पळत होती, कोणाच्या कडेला मूल, कोणाच्या डोक्यावर टीव्ही, आणि धून ऐकल्याबरोबर त्यांतली अर्धी गर्रकन वळली आणि घरात शिरून बादल्या घेऊन आली. एका काकूंनी ओलं वेगळं, सुकं वेगळं असं नीट माझ्या गाडीत रिकामं केलं, बादली कडेला उपडी ठेवली आणि पुन्हा पुलाकडे पळत सुटल्या. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी बटणावरचा हात काढून मांडीखाली ठेवला.

मग बाई माईकवर बोलल्या. मी मुख्याधिकारी बोलते आहे, टाकी शाबूत आहे, घरी परत जा. चांगलं बोलल्या, ठासून बोलल्या. पण त्यांना ओळखतो कोण. एक जण चालता चालता म्हणाला की काल आलेल्या बाईचं ऐकू की एकदाबाचं. त्याच्या हातातला फोन पुन्हा वाजतच होता. बाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हा आवाज ज्या बाईचा आहे, ती कुठं असते? तिला आणा."

उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. एका बाजूला भाचीला दिलेला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अख्खी आळी. मी तोंड उघडणार, इतक्यात गाडीचं दार कोणी तरी ओढलं. भाची उतारावरून धावत आली होती, चपला हातात घेऊन.

"मा-मामा, माईक," ती म्हणाली.

बाईंना काय कळायचं ते कळलं. माईक तिच्या हातात देऊन त्या खाली उतरल्या आणि गर्दीतून वाट काढत पुलाकडे धावल्या.

भाचीनं डोळे मिटले आणि इंजिनिअरसमोर बोलायची तसं बोलायला लागली. एकेक शब्द, मध्ये थांबून. टाकी. शाबूत. घरी. परत. जा. कुठं अडखळली नाही. मला धन्य वाटलं. मी गाडी गर्दीच्या मागोमाग हळूहळू पुढे घेतली आणि माणसांकडे बघत राहिलो, की आता थांबतील, मग थांबतील.

कोणी थांबलं नाही. उलट गोंधळ वाढला. फोनवर एकदाबा म्हणते जा आणि गाडीवर एकदाबा म्हणते परत या. ते लाल कुलूपवाले गाडीतही शिरले, असं कोणी तरी ओरडलं. कोणी म्हणालं यंत्राला वेड लागलंय, आधी जीव वाचवा. माणसं आणखी जोरात पळायला लागली. तिनं जे जन्मभर झाकलं होतं ते आणखी नीट झाकून ती बोलत होती, आणि नेमकं त्यामुळेच तिचं बोलणं खोटं ठरत होतं.

पुलाच्या तोंडाशी आलो तर पुढे इस्त्रीवाला अडकलेला. तो आपली हातगाडी गिऱ्हाइकांच्या कपड्यांसकट घेऊन निघाला होता आणि गाडीचं चाक खणलेल्या चरात रुतलं होतं. निम्मा पूल खणलेला, उरलेल्या निम्म्यात ही गाडी आडवी. तो सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता, पुढच्यांना हला म्हणत होता, मागच्यांना ढकला म्हणत होता, बाई त्याला थांब म्हणाल्या तर त्यानं त्यांनाही बाजूला केलं. मागून माणसांवर माणसं येत होती. जागा उरली होती ती फक्त कठडा नसलेल्या बाजूला. तिथं दोरीला पाठ लागलेली एक बाई उभी होती, छातीशी शिलाई मशीन कवटाळून. नुसतं वरचं मशीन, पण लोखंडच ते. ती माझी बहीण होती. गर्दीचा रेटा आला की दोरी तिच्या मागे ताणली जात होती आणि खाली नदीचे दगड दिसत होते.

मी दार उघडायला गेलो, पण माणसं दाराला अशी चिकटली होती की ते उघडेना. मी शिव्या दिल्या. त्या कोणाला ऐकू गेल्या नाहीत.

"आई," भाची ओरडली.

तो शब्द स्पीकरमधून नदीपल्याड गेला. पुढचा शब्द तिच्या तोंडात आला आणि अडला.

"थ," ती म्हणाली. "थ, थ, थ."

जवळची दोन-चार माणसं मागे वळून बघायला लागली. भाचीच्या मानेची शीर फुगली होती, हात माईकवर पांढरे पडले होते. लहानपणापासून मी हे बघत आलोय. अशा वेळी तो शब्द आपल्या ओठावर तयार असतो आणि बोलून टाकावासा वाटतो. त्या दिवशीही होता. पण मी बोललो असतो तर तो माझा शब्द झाला असता, आणि माझ्या शब्दाला कोण विचारतंय. मी दात आवळून गप्प बसलो.

"थ, थ."

आणखी माणसं वळली. ज्यांचं तोंड पुलाकडे होतं त्यांची तोंडं गाडीकडे झाली. कोणी तरी म्हणालं की हे रेकॉर्डिंग नाही. दुसरा म्हणाला, ही तर दाखल्यांच्या खिडकीतली मुकी. मग मला दिसलं की एकेकाच्या डोक्यात ट्यूब पेटते आहे. आवाज तर एकदाबाचा आहे. यंत्रातली एकदाबा कधी आई म्हणून ओरडली नव्हती, आणि तिची जीभ तर कधीच अडली नव्हती.

"थांबा," भाचीच्या तोंडून निघालं.

माणसं थांबली. खरं म्हणजे ती त्याआधीच थांबली होती, शब्दाची वाट बघत. मागचा रेटा सैल पडला. बाईंनी आणि एका तगड्या माणसानं माझ्या बहिणीला दंडाला धरून दोरीपासून आत ओढलं, मशीनसकट. ती मशीन सोडायला तयार नव्हती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलंसुद्धा नाही.

"टाकी," भाची म्हणाली. "टाकी फ... फ..."

अख्खी आळी कान देऊन उभी. त्याच वेळी गर्दीत एकाचा फोन वाजला आणि त्यानं तो घाईत कानाला लावायच्या ऐवजी फोनच्याच स्पीकरवर घेतला. त्यातून तोच आवाज आला, न अडता, मोत्यांसारखा. तात्काळ. पुलाकडे. त्या माणसानं फोनकडे बघितलं, मग माझ्या गाडीकडे बघितलं, आणि एकदाबाला मध्येच तोडून फोन बंद केला. शेजारच्यानंही खिशात हात घातला. मग त्याच्या शेजारच्यानं.

भाचीनं डोळे उघडले. आई दिसल्यावर तिनं ते पुन्हा गच्च मिटून घेतले होते. समोर गावाचे चेहरे, सगळे तिच्याकडे, आणि कोणाच्या तोंडात तिचा शब्द पुरा करायची घाई नाही. तिचे कान लाल झाले. माईक तिच्या हातात खाली गेला आणि ती माझ्याकडे बघून मान हलवायला लागली, खिडकीत हलवते तशी. मला वाटलं, झालं, आता ही पुन्हा बोलायची नाही, ना इथं ना कुठं.

हातगाडीपाशी इस्त्रीवाला उभा होता. त्याचा चेहरा घामानं निथळत होता, आवाज ओरडून ओरडून बसला होता. त्यानं गाडीचा दांडा सोडला, गिऱ्हाइकाच्याच एका घडीच्या सदऱ्यानं तोंड पुसलं आणि रुतलेल्या चाकावर टेकून बसला.

"सावकाश बोल, बाई," तो म्हणाला. "आम्हाला कुठं जायचंय?"

त्याच्या मागचा माणूस आपल्या ट्रंकेवर बसला. मग त्याच्या मागच्या काकू खाली बसल्या, मग पोरं, मग मशीन मांडीवर घेऊन माझी बहीण. भाचीनं माईक पुन्हा तोंडाशी धरला.